पोटदुखी आणि एरंडेलाची बाटली

पोट दुखू लागले की आपल्या घरांतून प्रथम ओवा, मग हिंगाचा लेप आणि शेवटी एरंडेलाची बाटली बाहेर येते. आजीबाईच्या बटव्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु काही दुखण्यांवर तातडीच्या शस्त्रक्रियेवाचून सहसा उपाय नसतो, आणि तेथे रेचक घातक ठरते. ती दुखणी ओळखता यावीत, म्हणून हे टिपण.

त्यांत आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजे अपेंडिसायटिस, फार आढळतो. कळ बहुधा प्रथम बेंबीभोवती येते व काही तासांनी उजवीकडे खाली सरकून तेथेच ठाण मांडते. अन्नावरची वासना उडते, मळमळते, बारीक ताप येतो. आंत्रपुच्छ फुटल्यास पू पोटात पसरतो. इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असता याच व्याधीमुळे २४ जून १९०२ रोजी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ ९ ऑगस्टपर्यंत लांबला. आपण मात्र घरच्या लग्नकार्यासाठी वा मुलांच्या परीक्षेसाठी दुखणे अंगावर काढतो!

जठरातील व्रणास छिद्र पडले की सुरी खुपसल्यासारखी कळ एकाएकी येते व पोट फळीसारखे ताठ होते. सांधेदुखीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. आतड्यात अडथळा आल्यास पोट फुगते, उलट्या होतात, शौच व वायू दोन्ही कोंडतात. जुना अंतर्गळ अचानक कठीण होऊन दुखू लागला व आत जाईनासा झाला, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून ते काही तासांत कुजू शकते. पाळी चुकलेल्या स्त्रीस ओटीपोटात कळ येऊन घेरी आली, तर गर्भ नलिकेत रुजून ती फुटल्याची शंका घ्यावी; तेथे संकोचापायी क्षणही दवडू नये.

अशा वेळी रेचक, एनिमा वा शेक देऊ नये, खाणेपिणे थांबवावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. आपल्यापैकी अनेकांच्या डॉक्टरांस मराठी येत नाही. 'कळ' आणि 'मुरडा' यांतील भेद त्यांना कसा कळावा? म्हणून दुखणे केव्हा सुरू झाले, कोठे होते, कोठे सरकले, उलटी त्याआधी झाली की नंतर, आणि रोजची औषधे कोणती, एवढे तेथील भाषेत कागदावर लिहून सोबत न्यावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.