भेटीवरची जकात

परदेशातील नातलगाने प्रेमाने पाठविलेली जुनी गिटार सोडवून घेण्यासाठी नव्या गिटारीहून अधिक पैसे मोजावे लागतात, ही गोष्ट आपल्याकडे लग्नाच्या मांडवात बसून हसण्याचा विषय झाली आहे. आम्हांला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. देणाऱ्याने फुकट दिलेली आणि घेणाऱ्याने कृतज्ञतेने स्वीकारलेली वस्तू वाटेत कोणाच्या तरी वहीत 'माल' म्हणून नोंदली जाते. मग तिच्यावर मालाचे भाडे चढते आणि मालाची जकात बसते. भेट आणि व्यापार यांतील भेद ओळखण्याची इच्छाच ज्या व्यवस्थेत उरलेली नाही, ती व्यवस्था सदोष आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या व्यवस्थेवरचा तोडगा म्हणून आपल्यांतील काही मंडळी जो खोटेपणा शिकली आहेत, तोही तितकाच सदोष आहे. आज या दोहोंविषयी लिहावयाचे आहे.

प्रश्न गिटारीचाच का? कारण तो आपल्या घरांशी आणि मंदिरांशी जोडलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले. त्यात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवून, पवित्र कार्यास शोभतील अशा इतर वाद्यांनाही मंदिराचे दार उघडण्यात आले. तबला-पेटीबरोबर गिटारही आपल्या गायकवृंदात आली आणि रुळली. दुसरीकडे आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थिरावली. तिकडच्या तळघरात एखादी गिटार वर्षानुवर्षे पडून असते आणि इकडे गायकवृंदातील तीन मुले एकाच गिटारीवर आळीपाळीने शिकत असतात. तळघरातील ते वाद्य या मुलांच्या हाती द्यावे, याहून साधी इच्छा कोणती? ही साधी इच्छा अमलात आणावयाची म्हटले की काय होते, ते पाहू.

समजा, टोरांटोतील एका मामाने आपली जुनी गिटार वसईतील भाच्याला पाठवावयाचे ठरविले. गिटारीचे स्वतःचे वजन दोन किलोच्या आसपास. विमानप्रवासात मान मोडू नये म्हणून तिला कठीण पेटी हवी, पेटीभोवती खोके हवे. सारे मिळून सहा किलो धरू. खोके १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि २० उंच. आंतरराष्ट्रीय कुरियर कंपन्या या तीन आकड्यांचा गुणाकार करतात आणि येणाऱ्या संख्येला ५,००० ने भागतात. येथे गुणाकार होतो १,२०,००० आणि भागाकार येतो २४. याला त्या 'आकारमानी वजन' म्हणतात. खरे वजन आणि आकारमानी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर भाडे. म्हणजे सहा किलोच्या वस्तूला चोवीस किलोंचे भाडे! विमानातील जागा मोजकी असते, हे आम्हांला कळते. कापसाच्या गठ्ठ्याला आणि लोखंडाच्या तुकड्याला एकच दर लावता येणार नाही, हेही कळते. परंतु गिटारीचे पोट पोकळ असते म्हणूनच तिच्यातून नाद निघतो. आणि नेमक्या त्या पोकळीचेच भाडे गरीब विद्यार्थ्याच्या माथी बसते.

मग टपालाने का पाठवू नये? टपालाचा हिशेब निराळा आहे. तेथे पार्सलाची लांबी आणि त्याच्या भोवतालचा घेर यांची बेरीज पाहतात. आपल्या खोक्याचा घेर १४० सेंटिमीटर. त्यात लांबीचे १२० मिळविले की २६० होतात. जागतिक टपाल संघटनेच्या नियमांत काही देशांसाठी दीड मीटर लांबी व तीन मीटर बेरीज अशी मर्यादा आहे, तर काहींसाठी १.०५ मीटर लांबी व दोन मीटर बेरीज अशी. पहिल्या मर्यादेत आपले खोके बसते. दुसरीत ते टपालाच्या खिडकीवरूनच परत येते. जेथे बसते तेथेही विम्याचा प्रश्न उरतो, कारण जुन्या वाद्याची पावती बहुधा कोणाजवळ नसते आणि पावतीवाचून नुकसानभरपाई मागणे कठीण जाते.

भाडे भरून गिटार मुंबईला पोहोचली, म्हणजे खरा नाका लागतो. सर्वसाधारण आयातीत आधी वस्तूचे मोल ठरते. त्यात वाहतूक आणि विमाही धरतात. विमानभाडे मात्र वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरीत नाहीत, एवढी सवलत नियमांत आहे. त्या मोलावर मूळ सीमाशुल्क, त्या शुल्कावर अधिभार, आणि या सर्वांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. भेटीच्या वस्तूची किंमत कोणी दिलेलीच नसते. तेव्हा अधिकारी तशाच वस्तूंच्या भावावरून अंदाज बांधतो. कागदपत्रे जमेपर्यंत खोके गोदामात पडून राहिले, तर साठवणुकीचे पैसे वेगळे.

याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात आपल्या परदेश व्यापार धोरणात 'निर्बंधित' आहे. तिला अनुज्ञापत्र लागते. नियमाचा काटेकोर अर्थ लावला, तर नवी गिटार शुल्क भरून खुशाल येऊ शकते, परंतु मामाच्या हातची झिजलेली गिटार परवान्यावाचून अडू शकते. दुसरी गोष्ट डिसेंबर २०१९ मधील. त्यापूर्वी लहान मोलाच्या भेटींना टपालाने वा कुरियरने शुल्कमुक्त प्रवेश होता. त्या महिन्यात सरकारने ही वाट बंद केली. जीव वाचविणारी औषधे आणि राखी एवढेच अपवाद ठेवले. पूर्ण शुल्क भरून भेट आणण्यास आजही बंदी नाही. परंतु पूर्ण शुल्क भरावयाचे, तर कायद्याच्या लेखी तिच्यात आणि विकत घेतलेल्या मालात फरक तो काय उरला?

सरकारची बाजू आम्ही नाकारीत नाही. परदेशी व्यापारी विकलेला माल 'भेट' म्हणून पाठवीत आणि लाखो लहान खोक्यांतून कर बुडवीत. जुन्या मालाच्या नावाखाली दुसऱ्या देशांचा कचरा आपल्या किनाऱ्यावर ओतला जाऊ नये, ही चिंताही खरी आहे. परंतु काही लोक भिकाऱ्याचे सोंग घेतात म्हणून दानधर्मच बंद करणे हा कोणता न्याय? लबाडी करणारा व्यापारी दुसरी वाट शोधून काढतोच. बंद दारापुढे उभा राहतो तो मामा आणि त्याचा भाचा.

इतर देश या बाबतीत फार उदार आहेत, असेही कोणी समजू नये. एका व्यक्तीने दुसरीला पाठविलेल्या भेटीवर युरोपीय संघात ४५ युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत, कॅनडात ६० डॉलरपर्यंत माफी आहे. एवढ्यात गिटारीची पेटीही येणार नाही! अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या आयातीची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबविली. त्या गोंधळात आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणेच बंद केले. ती सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. तरीदेखील १०० डॉलरपर्यंतच्या खऱ्या भेटीची सूट अमेरिकेने राखली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रक्कम क्षुल्लक असली, तरी भेट ही निराळी गोष्ट आहे एवढे या देशांच्या कायद्याला अजून ठाऊक आहे.

वाद्ये ही शिक्षणाची व संस्कृतीची साधने आहेत, हे जगाने मान्य केलेले नाही काय? केले आहे. शैक्षणिक, वैज्ञानिक व सांस्कृतिक साहित्य देशोदेशी शुल्कावाचून जावे, यासाठी युनेस्कोने १९५० साली एक करार तयार केला. तो फ्लॉरेन्सच्या नावाने ओळखला जातो. १९७६ साली नैरोबी येथे त्याला पूरक करार जोडण्यात आला आणि त्यात वाद्यांसाठी स्वतंत्र परिशिष्ट घालण्यात आले. मात्र हे परिशिष्ट स्वीकारणे न स्वीकारणे प्रत्येक राष्ट्राच्या मर्जीवर सोडले गेले. तत्त्व मान्य, अंमल ऐच्छिक: राष्ट्रांचे हे औदार्य आपल्या परिचयाचे आहे.

"नियमात असा बारीक भेद करणे सरकारला शक्य नाही," असे सांगणाऱ्यांनी शिसवाच्या लाकडाची हकिकत ऐकावी. आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानांत वाढणारी शिसव जगभरच्या गिटारींच्या पाठीला आणि कडांना वापरली जाते. ब्राझीलची शिसव १९९२ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. पुढे लाकूडचोरी वाढली, तेव्हा २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या इतर साऱ्या जातीही त्या कराराच्या दुसऱ्या यादीत आल्या. परिणामी शिसवाची गिटार विकून सीमेपलीकडे धाडावयाची, तर परवाने मिळवावे लागू लागले. वादकांनी आणि वाद्ये घडविणाऱ्यांनी तक्रार केली, सरकारांनी ती ऐकली आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवाला मात्र नाही. रान तोडणारा ठेकेदार आणि गिटार वाजविणारा मुलगा यांच्यातील फरक तीन वर्षांच्या आत कायद्यात उतरू शकला. मग व्यापारी आणि मामा यांच्यातील फरक का उतरू नये?

येथवर आम्ही सरकारला व कंपन्यांना बोल लावले. आता घरचा हिशेब.

खोक्यावरच्या जाहीरनाम्यात तीनशे डॉलरच्या वाद्यापुढे दहा डॉलर लिहावे, 'गिटार'ऐवजी 'लाकडी खेळणे' लिहावे, ही युक्ती आपल्यांतील सुशिक्षित माणसे एकमेकांना उघडपणे सांगतात. "कस्टमला फसविण्यात कसले पाप?" असे वर विचारतात. पाप आहे, असेच उत्तर आम्ही देतो. कॅथॉलिक श्रद्धाग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानले आहे आणि करचुकवेगिरीची गणना सातव्या आज्ञेच्या भंगात केली आहे. नियम अन्यायाचा वाटत असेल, तर तो बदलून घेण्यासाठी भांडावे. खोटी सही करून त्याला वळसा घालू नये. व्यवहारातही ही युक्ती मूर्खपणाची आहे. दहा डॉलर लिहिलेले वाद्य वाटेत मोडले, तर भरपाई दहा डॉलरच्या हिशेबानेच मिळणार. मोलाविषयी खोटे लिहिलेला माल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम १११ खाली जप्त होऊ शकतो आणि वर दंडही बसू शकतो. शिवाय देवाच्या स्तुतीसाठी आणलेले वाद्य खोट्या कागदावर स्वार होऊन वेदीपाशी यावे, ही कल्पनाच आम्हांला सहन होत नाही.

शुभवर्तमानातील मत्तय हा जकातीच्या नाक्यावरच बसलेला होता. प्रभूने त्याला तेथून उठविले. जकातदार योहानाकडे आले, तेव्हा योहानाने त्यांना धंदा सोडावयास सांगितले नाही. नेमून दिलेल्या रकमेपलीकडे काही उकळण्यास मात्र मनाई केली. नाक्यावरच्या अधिकाऱ्याला हा नियम लागू आहे, तसाच त्याच्या टेबलाखालून नोट सरकविणाऱ्यालाही.

मग करावे काय? आमच्या मते सरळ मार्ग तीन आहेत. पहिला, सुट्टीवर घरी येणाऱ्या माणसाने वाद्य स्वतःच्या सामानाबरोबर आणावे. प्रवाशाच्या सामानाला ठराविक मोलापर्यंत शुल्कमाफी असते. ती मर्यादा आणि विमान कंपनीचे आकाराचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत, तारा सैल कराव्यात, कठीण पेटी वापरावी. दुसरा, कोणी येणार नसेल, तर ते वाद्य तिकडेच विकावे वा तिकडच्या एखाद्या होतकरू मुलाला द्यावे, आणि भाड्याचे पैसे इकडच्या कुटुंबाला पाठवावेत. त्या पैशांत धोबी तलावच्या दुकानांतून नवी गिटार येईल आणि कदाचित गायनाच्या शिक्षकाची फीही निघेल. पैसे धर्मग्रामाच्या नावे पाठविताना मात्र सावध असावे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातलगाची अशी रक्कम २०१० च्या कायद्यानुसार विदेशी देणगी ठरते आणि तिला नोंदणी लागते. तिसरा मार्ग फक्त आजोबांच्या आठवणीच्या, पैशांत मोजता न येणाऱ्या वाद्यासाठी: खरे मोल लिहावे, परवान्याची आधी चौकशी करावी आणि जे शुल्क पडेल ते भरावे.

हे सारे तात्पुरते उपाय होत. आमची मागणी याहून मोठी आहे आणि ती अवाजवी नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस, शाळेस वा गायकवृंदास विनामोबदला दिलेले एक वापरलेले वाद्य शुल्कावाचून व परवान्यावाचून येऊ द्यावे; पाच वर्षे ते विकणार नाही, असे प्रतिज्ञापत्र घेणाऱ्याकडून लिहून घ्यावे; आणि लबाडी आढळल्यास कडक दंड करावा. सरकारच्या तिजोरीला याने तोटा होईल तो नगण्य असेल. अर्थसंकल्पापूर्वी वित्त मंत्रालय सूचना मागविते. आपल्या खासदारांचे कार्यालयही दूर नाही. वाणिज्य मंत्रालयाला पत्र लिहिण्यास टपालाचे तिकीट पुरते. कुरियरवाल्याच्या पावतीकडे पाहून हसणाऱ्या आमच्या बंधुभगिनींनी या वर्षी एवढे एक पत्र लिहावे, आणि त्यावर आपले खरे नाव घालावे.