टायर फुटल्यावर ब्रेक मारणाऱ्यांनो...

लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या इथल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, देसी कंपूला मोटरहोमची स्वप्नं पडायला लागतात. सहा जण, यलोस्टोन, सकाळी कॅम्पग्राउंडवर पोहे! पोह्यांना माझा विरोध नाही. विरोध आहे तो "त्यात काय एवढं, गाडीच तर आहे" या वाक्याला.

गाडी नाहीये ती. भाड्याने मिळणारं मोटरहोम बऱ्याचदा फोर्ड ई-450 वर बांधलेलं असतं. सामान-माणसांसकट वजनाची मर्यादा 14,500 पौंड, म्हणजे साडेसहा टन. लायसन मात्र तुमच्या कोरोलाचंच चालतं!

पुढची गंमत ऐका. 2000 साली फायरस्टोनच्या टायरांचं प्रकरण गाजलं आणि त्यातून झालेल्या कायद्यामुळे हवा कमी झाली की डॅशबोर्डवर दिवा लागण्याची सक्ती आली. सप्टेंबर 2007 पासून सगळ्या नव्या गाड्यांना, पण 10,000 पौंडांपर्यंतच्याच. मागे जोडटायर असतील तर तीही सुटली. ही स्पेक लिहिणाऱ्याला आमच्या टेस्टिंग टीमने उभं केलं नसतं.

आणि भाड्याने देणारे? मी जिथून घेतलं तिथल्या माणसाने संडासाची टाकी कशी रिकामी करायची यावर वीस मिनिटं प्रवचन दिलं. टायर फुटला तर? "हा हेल्पलाइनचा नंबर." अरे बाबा, फोन करायला कडेला जिवंत पोचायला नको का?

पुढचा टायर फुटला की गाडी त्या बाजूला ओढली जाते. पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तिथेच घात होतो. वजन पुढे येतं, नेमकं फुटक्या टायरवर, आणि ओढ वाढते. करायचं उलटं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची आणि ॲक्सिलरेटर क्षणभर दाबायचा. वेग वाढवायला नव्हे, त्या ओढीला तोडीस तोड जोर मिळावा म्हणून. सावरली की पाय हळूहळू उचला, वेग आपसूक पडू द्या. पार कमी झाला की मगच हलका ब्रेक आणि कडेला. मनाला पटत नाही ना? म्हणूनच आधी शिकवायला हवं. ताशी साठ मैलांवर कोणाला फिजिक्स आठवत नाही.

"शेवटी नशीब रे" म्हणणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. हवा कमी, वजन जास्त, त्यात नेवाडातला उन्हाळा. टायरच्या बाजू वाकून वाकून तापतात आणि फुटतात. यात नशीब कुठे आलं? मागच्या जोडीतला आतला टायर तर कोणी बघतच नाही. तो बसला तर बाहेरचा मुकाट दोघांचं ओझं वाहतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. शिवाय वय. नक्षी शाबूत असली तरी आतून रबर म्हातारं झालेलं असू शकतं. डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा.

तेव्हा किल्ली घेण्याआधी हे आकडे बघा. रोज सकाळी टायर थंड असताना सहाही टायरांची हवा मोजा. आणि चालवणाऱ्याला एकदा विचारा, फुटला तर पाय कुठे? "ब्रेकवर" म्हणाला तर त्याला पोहे करायला बसवा, गाडी दुसऱ्याकडे द्या.