तान्ह्या बाळाला क्रूझवर न्यावं का? ६ महिन्यांची अट कशासाठी असते आणि खरा धोका कुठे असतो?

फॅमिली ग्रुपवर एक फोटो येऊन पडतो. बाल्कनीत पांढरी टोपी घातलेलं आठ-नऊ महिन्यांचं बाळ, मागे निळाशार समुद्र आणि खाली कॅप्शन, 'माय फर्स्ट क्रूझ'. त्यावर बदामांचा पाऊस पडतो आणि मग एखाद्या आत्याचा मेसेज येतो, "एवढ्याशा लेकराला समुद्रात कशाला नेलंत?"

पुढचे दोन दिवस ग्रुपवर काय चालतं, हे सांगायची गरज नाही.

हा वाद आता आणखी घरांमध्ये होणार आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' सुरू केलं. देशातल्या क्रूझ प्रवाशांची संख्या २०२९ पर्यंत दुप्पट करायची, असं त्याचं उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या इंदिरा डॉकवरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं. मुंबई-गोवा, लक्षद्वीप किंवा सिंगापूरची क्रूझ ही हनिमूनपुरती गोष्ट राहिलेली नाही. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खं कुटुंब निघतं.

मग आत्याचं बरोबर की बाळाच्या आईबाबांचं? गंमत म्हणजे आत्याला ज्या लाटांची भीती वाटते, त्यांची काळजी तान्ह्या बाळाच्या बाबतीत सगळ्यात कमी आहे. काळजीच्या जागा वेगळ्या आहेत.

६ महिने हा आकडा आला कुठून?

रॉयल कॅरिबियन, डिस्ने, नॉर्वेजियन अशा मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक सफरींसाठी बाळ किमान ६ महिन्यांचं असावं लागतं. काही सफरींसाठी मात्र हीच अट १२ महिन्यांची होते. त्या कोणत्या? तर अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या, किंवा ज्यात जहाज सलग तीन किंवा अधिक दिवस कुठल्याही बंदराला लागत नाही अशा. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग या कंपन्या तर १८ वर्षांखालच्या कोणालाच घेत नाहीत, पण तो प्रकार वेगळा. तिथे मोठ्यांना शांतता विकली जाते.

जहाज तेच, केबिन तीच, दूध तेच. बदलतं ते फक्त किनाऱ्यापासूनचं अंतर आणि त्यासोबत वयाची अट दुप्पट होते. म्हणजे कंपन्यांचा खरा प्रश्न असा असतो : बाळ आजारी पडलं तर हॉस्पिटलपर्यंत पोचायला किती वेळ लागेल?

मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो. १०० किंवा अधिक माणसं घेऊन तीन दिवसांपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजात पात्र डॉक्टर असलाच पाहिजे, असं २००६ चा सागरी कामगार करार सांगतो. पण हा डॉक्टर सहसा इमर्जन्सी किंवा जनरल मेडिसिनचा असतो, बालरोगतज्ज्ञ नसतो. दवाखान्यात सलाईन, एक्स-रे, काही रक्ततपासण्या होतात. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नसतो. तीन महिन्यांच्या बाळाला ताप आला तर शहरातला डॉक्टर लगेच ॲडमिट करून तपासण्या सुरू करतो, कारण त्या वयात साधा ताप आणि रक्तातला गंभीर संसर्ग वरवर सारखेच दिसतात. समुद्रात ती सोय नाही.

आणखी एक बारीक मुद्दा. करारातला हा नियम 'आंतरराष्ट्रीय' आणि 'तीन दिवसांपेक्षा लांब' सफरींसाठी आहे. मुंबई-गोवा अशी दोन रात्रींची सफर त्यात बसत नाही. म्हणून बुकिंग करताना जहाजावर डॉक्टर आहे का आणि रात्रीही उपलब्ध असतो का, हे सरळ विचारून घ्यावं.

लसींचंही असंच आहे. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे ६ महिन्यांच्या बाळाला जहाजात प्रवेश मिळतो, पण गोवरापासून संरक्षण नसतं. परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळांना गोवराचा एक डोस आधीच द्यावा, असं अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते. तुमच्या बाळाला तो लागेल का, हे बालरोगतज्ज्ञांना निघण्याआधी निदान दोन-तीन आठवडे विचारा. आदल्या दिवशी घेतलेल्या लसीचा प्रवासात उपयोग होत नाही.

बोट लागते कोणाला?

आता लाटांकडे येऊ. बोट लागणं, गाडी लागणं हा प्रकार दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये फार कमी दिसतो. सगळ्यात जास्त त्रास होतो तो साधारण २ ते १२ या वयात. त्यामुळे बाळ आरामात झोपलंय आणि सहा वर्षांची ताई उलट्या करतेय, असं चित्र सहज दिसू शकतं.

इथे एक चूक घातक ठरू शकते. प्रवासाआधी घरातल्या डब्यातली उलटीची गोळी अर्धी करून मुलाला द्यायची सवय अनेकांना असते. या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावून जीवाला धोका होऊ शकतो. गोळीच्या पट्टीवर मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव लिहिलेलं असतं. ते वाचा.

खरी भीती पोटाची

क्रूझवरच्या जुलाब-उलट्यांच्या साथीबद्दलच्या बातम्या दरवर्षी येतात. अमेरिकेच्या बंदरांना येणाऱ्या जहाजांवर ३ टक्के किंवा अधिक प्रवासी वा कर्मचारी पोटाच्या त्रासाने आजारी पडले, तर सीडीसी ती साथ जाहीर करते. २०२४ मध्ये अशा १८ साथी नोंदल्या गेल्या. बहुतेकींमागे नोरोव्हायरस होता.

हा आकडा वाचून घाबरण्याआधी दुसराही पाहा. नोरोव्हायरसच्या एकूण नोंदवलेल्या साथींपैकी जहाजांवरच्या साथी जेमतेम १ टक्का असतात. जहाजावर मोजदाद होते, म्हणून बातमी होते. लग्नाच्या पंगतीनंतर किती जणांची पोटं बिघडली, ते कोण मोजतं?

पण बाळासाठी गणित वेगळं आहे. मोठ्या माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर तो अशक्त होतो. बाळाच्या शरीरातलं पाणी काही तासांत धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतं. रोटाव्हायरसचे डोस आपल्याकडे ६, १० आणि १४ आठवड्यांना दिले जातात, त्यामुळे ते कवच असतं. नोरोव्हायरसवर लस नाही. सॅनिटायझरही त्यावर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. रांगणारं बाळ कार्पेटवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. या वयाला दुसरं काही जमतही नाही.

म्हणून बॅगेत खेळण्यांआधी ओआरएसची पाकिटं जातात. सहा तास डायपर कोरडा राहिला, रडताना डोळ्यांत पाणी आलं नाही, डोळे खोल गेले किंवा बाळ मलूल पडलं, तर केबिनमध्ये थांबून वाट पाहायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

खाण्याचा एक खास आपला प्रश्न आहे. नाचणी सत्त्व, पेज, पाकिटातली खिचडी आणि ती करायला छोटी इलेक्ट्रिक किटली, हा मराठी आईच्या प्रवासाचा ठरलेला संच. बहुतेक जहाजांवर किटली, इंडक्शन, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंना बंदी असते, कारण समुद्रात आगीसारखं संकट नाही. बॅग तपासताना किटली काढून घेतली जाते आणि परतताना मिळते. गरम पाणी जहाजावर मागवता येतं, तेव्हा सत्त्व न्या, किटली घरी ठेवा.

रांगणारं आणि धावणारं

तान्ह्या बाळापेक्षा दीड ते तीन वर्षांचं मूल जहाजावर सांभाळणं जास्त कठीण, हे कुठलाही ब्रोशर सांगत नाही. स्विमिंग पूलचंच घ्या. अमेरिकी नियमांनुसार डायपर घालणाऱ्या मुलांना जहाजावरच्या नेहमीच्या पूलमध्ये उतरता येत नाही, स्विम डायपर घातला तरीही. काही जहाजांवर त्यांच्यासाठी वेगळी पाण्याची जागा असते, काहींवर नसते. किड्स क्लब साधारण तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात आणि मुलाला शी-शू सांगता येणं ही अट असते. त्याआधीची मुलं पाळणाघरात, तेही जहाजावर असेल तर आणि तासाचे पैसे मोजून. म्हणजे ज्या वयात मूल एक मिनिट हाताशी थांबत नाही, त्याच वयात जहाजाकडून मदत सगळ्यात कमी.

आणि कठडे. २०१० च्या अमेरिकी कायद्यानुसार क्रूझच्या कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर असावी लागते. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यापेक्षा ते उंच आहे. पण बाल्कनीत खुर्ची असते. आणि कौतुकाने उचलून घेणारे हातही असतात. जुलै २०१९ मध्ये प्वेर्तो रिकोच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या अकराव्या डेकवरून दीड वर्षाची मुलगी खाली पडून गेली. आजोबांनी तिला खिडकीशी उचलून धरलं होतं. समोर काच आहे असं वाटलं, असं त्यांनी सांगितलं. खिडकी उघडी होती. जून २०२५ मध्ये बहामाजवळ पाच वर्षांची मुलगी जहाजावरून समुद्रात पडली, वडिलांनी मागोमाग उडी मारली आणि सुदैवाने दोघेही वाचले.

तेव्हा वयाप्रमाणे उत्तर बदलतं. ६ महिन्यांखालचं बाळ घरी ठेवणंच बरं. ६ महिने ते वर्षभराच्या, अजून अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन किनाऱ्याजवळची दोन-तीन रात्रींची सफर बऱ्यापैकी सोपी जाते. चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंत जाणार असाल, तर बाल्कनीवर जास्तीचे पैसे घालवू नका, आणि कोण कधी मुलाकडे बघणार हे आधी ठरवा. चार-पाच वर्षांच्या मुलांची मात्र खरंच मजा असते.

आणि तासाभराची बोट?

मोठ्या जहाजावर तान्हं बाळही पूर्ण प्रवासी म्हणून मोजलं जातं. लाइफबोटीतली त्याची जागा धरलेली असते. 'सोलास' या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार २४ तास किंवा जास्त लांबीच्या सफरीवर प्रत्येक बाळामागे बाळाच्या मापाचं एक लाइफ जॅकेट असावंच लागतं. १५ किलोखालच्या बाळांचं माप वेगळं, १५ ते ४३ किलोच्या मुलांचं वेगळं. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया जहाज उलटून ३२ जण दगावले, त्यानंतर सुटण्याआधी किंवा सुटताच प्रवाशांची सुरक्षा कवायत घेणं बंधनकारक झालं.

आता गेटवे ऑफ इंडियावर या. इथे बाळाला घेऊन बोटीत चढताना कुठल्याही ग्रुपवर वाद होत नाही. घारापुरी म्हणजे काय, तासाभराचा प्रवास.

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी 'नीलकमल' ही बोट प्रवाशांना घेऊन घारापुरीकडे निघाली होती. इंजिनची चाचणी सुरू असलेल्या नौदलाच्या स्पीडबोटीवरचा ताबा सुटला आणि ती नीलकमलवर आदळली. १५ जणांचा जीव गेला. सगळ्यात शेवटी हाती लागलेला मृतदेह सात वर्षांच्या मुलाचा होता. बोटीला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची. प्रत्यक्षात शंभरहून अधिक माणसं होती. आपल्याला लाइफ जॅकेट दिलेलंच नव्हतं, असं वाचलेल्या प्रवाशांनी सांगितलं. बोट बुडतेय हे पाहून काही पालक आपल्या मुलांना पाण्यात टाकायच्या तयारीत होते, असं मदतीला पोचलेल्या सीआयएसएफच्या जवानांनी नंतर सांगितलं. जवानांनी त्यांना थांबवलं आणि मुलांना आधी आपल्या बोटीत घेतलं.

त्यानंतर गेटवेवरच्या बोटींमध्ये लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. पण सक्ती जॅकेटची आहे म्हणून माप बरोबर असेलच असं नाही. मोठ्यांचं जॅकेट बाळाला घातलं तर पाण्यात जॅकेट वर येतं आणि बाळ त्यातून खाली सरकतं. बाळाच्या जॅकेटला दोन पायांच्या मधून जाणारा पट्टा असतो आणि डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून मानेमागे आधार असतो.

त्यामुळे क्रूझ असो, घारापुरी असो की मांडवा, तिकीट काढण्याआधी "बाळाच्या मापाचं जॅकेट आहे का?" एवढं विचारा. दिलं तर घालून पट्टे आवळा आणि खांद्यांजवळ धरून वर ओढून पाहा. जॅकेट बाळाच्या कानापर्यंत सरकलं, तर ते मोठं आहे. लहान मापाचं मागा. नसेल, तर ती बोट जाऊ द्या.