'समजा'चा अर्धा मार्क

नववीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले, 'समजा, ती संख्या क्ष आहे.' मग खडू खाली ठेवला आणि विचारले, "हे 'समजा' आपण कशासाठी लिहितो?" पहिल्या बाकावरून लगेच उत्तर आले, "बाई, ते नाही लिहिलं तर अर्धा मार्क कापतात." वर्गाने माना डोलावल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र हात वर केला. "बाई, समजा अशी संख्याच नसली तर?" सगळे हसले आणि त्याने झटकन हात खाली घेतला. हाच प्रश्न त्याने आधी क्लासमध्ये विचारला होता. 'फाटे फोडू नकोस, गणित सोडव,' असे ऐकून तो खाली बसला होता.

त्या दिवशी वर्गात गणित करत होता तो हा एकटा. बाकीच्या मुलांना मी दोष देत नाही, कारण अर्ध्या मार्काचे उत्तर त्यांना आपणच शिकवले आहे. शिक्षक, पालक, क्लासवाले आणि पेपर तपासणारे, सगळ्यांचा त्यात हात आहे. 'कल्पनेत रमू नकोस, अभ्यास कर' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यामागची समजूत अशी, की ज्ञान हा पुस्तकात भरून ठेवलेला तयार माल आहे आणि कल्पना ही त्यातली भेसळ. ही समजूत मुळासकट खोटी आहे. ती मुलांच्या डोक्यात घालणारा माणूस, हेतू कितीही चांगला असला तरी, मुलांचे नुकसान करतो.

आपली भाषा आपल्यापेक्षा शहाणी आहे. धडा 'समजतो', आणि अंधारात पडलेल्या दोरीला माणूस साप 'समजतो'. कळणे आणि मानणे या दोन्हींसाठी मराठीला एकच क्रियापद पुरते. जे पुरते दिसत नाही त्याच्याविषयी काहीतरी धरून चालल्याशिवाय माणसाला कशाचाही पत्ता लागत नाही. धरलेले खरे निघाले तर ती समज, खोटे निघाले तर तो गैरसमज. यातले काय ते ठरवायला कंदील आणावा लागतो. आधी धरायचे, मग कंदील आणायचा. माणसाने या जगाविषयी जे काही खात्रीचे मिळवले आहे, ते या दोन पावलांनी मिळवले आहे.

हे परदेशातून आणलेले खूळ नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त इष्टकर्म नावाची रीत आहे. उत्तर ठाऊक नसेल तर मनाला येईल ती संख्या धरा, प्रश्नात सांगितलेल्या क्रिया तिच्यावर करा, काय येते ते पाहा आणि त्रैराशिकाने खऱ्या उत्तराला पोचा. बीजगणितात त्यांनी अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. जे अजून सापडलेले नाही त्याला रंग देऊन समोर बसवायचे आणि बोलते करायचे! चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. आपण त्या वारशाचा अभिमान मिरवतो आणि घरी येऊन मुलाला सूत्रे घोकायला बसवतो.

दहावीची मुले मेंडेलीव्हची आवर्तसारणी 'गुण-दोष लिहा' या प्रश्नापुरती पाठ करतात. त्या माणसाने काय केले हे त्यांना कोणी सांगत नाही. १८६९ साली ६३ मूलद्रव्ये माहीत होती. मेंडेलीव्हने ती ओळीने मांडली आणि काही घरे रिकामी ठेवली. तिथे कोणीतरी असलेच पाहिजे, असे त्याने धरले. न सापडलेल्या त्या मूलद्रव्यांना संस्कृतातला 'एक' लावून त्याने नावेही दिली. एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. त्यांचे अणुभार आणि त्यांची घनता आधीच सांगून ठेवली. १८७५ साली फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलियम सापडले. त्यांनी घनता मोजली, ती ४.७ भरली. मेंडेलीव्हने कळवले, की ती ५.९च्या आसपास हवी, नमुना नीट शुद्ध करून पुन्हा मोजा. त्यांनी मोजली आणि ५.९ आली. तो धातू ज्याने पाहिलाही नव्हता त्याचे म्हणणे, तो हातात धरून बसलेल्या माणसाच्या मापापेक्षा खरे ठरले. १८७९ साली स्कँडियम आणि १८८६ साली जर्मेनियम सापडले, आणखी दोन घरे भरली.

पुढे याच मेंडेलीव्हने ईथर हेही हायड्रोजनपेक्षा हलके असे एक मूलद्रव्य आहे, असे धरले. ते खोटे निघाले आणि रसायनशास्त्राने ते टाकून दिले. माणूस तोच, कल्पनेची झेप तीच. कंदील मात्र दोन्ही वेळा सारखाच धरला गेला, नावाकडे बघून कोणी तो विझवला नाही.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. साध्या लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.८ यायला हवे, हे मुलांना आधीच माहीत असते. मग ती उलटा हिशोब करून वेळेच्या नोंदी बनवतात, नाहीतर गेल्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढतात. खरोखर मोजून ९.३ आणणाऱ्या मुलीच्या वहीवर 'चूक, पुन्हा लिहा' असा लाल शेरा मी पाहिला आहे. ९.३ का आले, दोरा मोजताना चुकले की आंदोलने मोजताना, एवढा प्रश्न त्या वहीत कोणी लिहिला असता तर ती मुलगी त्या दिवशी शास्त्रज्ञ झाली असती. अनुमान करण्याच्या जागी आपण पाठांतर बसवले आणि निरीक्षणाच्या जागी थापा. हा अप्रामाणिकपणा आपण सही-शिक्क्यानिशी शिकवतो.

अशा शाळांतून बाहेर पडलेला समाज मग कोणतीही थाप ज्ञान म्हणून गिळतो. जानेवारी २०१५मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. तिथे प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि त्यात 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला होता. त्या ग्रंथाची तपासणी १९७४ सालीच झाली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी त्यातली वर्णने आणि आकृत्या गंभीरपणे घेतल्या. समजा, ही विमाने बांधली तर काय होईल, याचा हिशोब त्यांनी केला. ती उडू शकत नाहीत, असे निघाले. ग्रंथही विसाव्या शतकातला निघाला. खरा आदर तो हा. कल्पनेला प्रश्न विचारण्याइतके महत्त्व देणे. पुष्पक विमानाला अभियांत्रिकीचा पुरावा करणारे लोक विज्ञानाचा अपमान करतात आणि वाल्मीकींचाही. ज्या कवीने उडण्याचे स्वप्न पाहिले, त्याला हे लोक दुसऱ्याच्या यंत्राची नोंद करणारा कारकून बनवतात.

घोकंपट्टीवाले आणि विमानवाले एकमेकांचे विरोधक वाटतात. मला ते सख्खे भाऊ वाटतात. एकाला धरायची भीती वाटते, दुसऱ्याला तपासायची. 'समजा, हे खोटे असले तर?' हा प्रश्न दोघांनाही सहन होत नाही.

कल्पना हे साहित्यिकांचे काम, असे म्हणणाऱ्यांना मी जयंत नारळीकरांचे नाव सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. विश्वाची गणिते मांडणाऱ्या माणसाला गोष्ट लिहावीशी वाटली, कारण दोन्हींची सुरुवात एकाच शब्दाने होते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी फळ्याकडे बोलावले. फळ्यावरचे गणित बाजूला ठेवले आणि त्याच्याकडून लिहून घेतले, 'समजा, √२ ही परिमेय संख्या आहे.' म्हणजे ती दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता येते, आणि त्या दोघांत सामाईक अवयव उरलेला नाही. मग एकेक पायरी वर्गाने सांगितली. अंश सम निघाला, मग छेदही सम निघाला. दोघांत दोन हा सामाईक अवयव सापडला. नसलेला अवयव आला कुठून? वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरची, अर्धा मार्क सांगणारी तीच मुलगी म्हणाली, "बाई, म्हणजे आपण समजलो तेच चुकीचं होतं. असा अपूर्णांकच नाहीये." मागच्या बाकावरच्या मुलाला त्याचे उत्तर मिळाले होते, आणि ते त्याच्यावर हसलेल्या वर्गाने शोधून दिले होते.

पेपर तपासणाऱ्यांना माझे सांगणे आहे. 'समजा' लिहिले नाही म्हणून अर्धा मार्क कापणे बंद करा. ज्याने लिहिले आहे त्याला विचारा, तू समजलास ते खोटे निघाले तर तू काय करशील? त्या उत्तराला मार्क द्या, आणि पुरते द्या.