मैदानाबाहेर : प्रेक्षक कोणाचा?

अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातले मुंबई फुटबॉल अरेना हे मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान. संकुल महापालिकेचे, संघ क्लबचा, लोकल रेल्वेची, मेट्रो आणखी कोणाची. भिवंडीहून सामना पाहायला निघालेला व्हीलचेअरवरचा प्रेक्षक या साऱ्यांच्या हद्दी ओलांडत जातो. रॅम्प आहे की नाही, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. तो रॅम्प सामन्याच्या दिवशी मोकळा ठेवायचा कोणी, हे मात्र कोणी विचारत नाही. सुगम्यतेचे घोडे अडते ते इथेच.

वाट नीट पाहू. भिवंडी रोड स्थानक दिवा–वसई मार्गावर आहे आणि तिथल्या गाड्या मोजक्या. त्यामुळे रिक्षाने किंवा बसने ठाणे, तिथून लोकलने घाटकोपर आणि मग मेट्रोने आझादनगर, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. मेट्रो स्थानकात लिफ्ट आहे. लोकलला दिव्यांगांचा स्वतंत्र डबा आहे, पण फलाट आणि डबा यांच्यातले अंतर व्हीलचेअर एकट्याने पार करू शकत नाही. हा संघ खेळतो त्या लीगचे बरेच सामने संध्याकाळी साडेसातला सुरू होतात, म्हणजे परतीला रात्रीचे साडेनऊ. मैदानात बसण्याची जागा मिळाली तरी काम संपत नाही. गोल होताच पुढची रांग उभी राहते आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला नेमका गोलच दिसत नाही. म्हणून ही जागा पुढच्या उभ्या माणसाच्या डोक्यावरून मैदान दिसेल इतकी उंच हवी, शेजारी सोबत्याची खुर्ची हवी आणि स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवे.

दिव्यांग म्हणजे फक्त व्हीलचेअर, हाही गैरसमजच. 1995च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016च्या कायद्यात ते 21 झाले. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढून ऐकू कमी येऊ लागलेल्या कामगाराला ‘स्टेडियम रिकामे करा’ ही भोंग्यावरची सूचना काय कामाची? तीच पडद्यावर अक्षरांत यायला हवी. 2016च्या कायद्याचे कलम 46 सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी, दोघांनाही बांधते. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, किमान निकष सक्तीचेच हवेत, असे बजावले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : असे प्रेक्षक येतातच किती? पण ज्या दाराला पायऱ्याच आहेत, तिथली गर्दी मोजून गरज ठरवता येत नाही. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांतल्या कोणालाच फुटबॉलची आवड नाही, असे मानायला आधार काय? दुसरा आक्षेप खर्चाचा. जुने स्टॅंड फोडायला पैसा लागतो, हे खरेच. पण सोबत्याचे तिकीट, राखीव जागेचे ऑनलाइन बुकिंग, प्रशिक्षित स्वयंसेवक यांना बांधकाम लागत नाही. अंध प्रेक्षकांसाठी चेंडू कुठे आहे, कोण धावतो आहे हे सांगणारे विशेष समालोचन कतारच्या 2022 विश्वचषकात होते. त्यालाही मुख्यतः माणूस आणि माइकच लागतो. टीव्ही आहेच की, असे म्हणणाऱ्यांनी मग स्वतः तिकीट का काढावे?

सर्वांत वजनदार आक्षेप क्लबांचा : मैदान आमचे नाही, आम्ही भाडेकरू. भिंत हलवणे भाडेकरूच्या हाती नसते, हे मान्य. म्हणूनच युरोपीय फुटबॉल संघटनेने 2015च्या परवाना नियमांत क्लबने दिव्यांगांच्या सोयींसाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा, अशी अट घातली. मैदान कोणाचेही असो, विचारायचे कोणाला हे त्यामुळे ठरते. आपल्याकडेही लीगच्या परवान्यात ही अट यावी आणि त्या अधिकाऱ्याचा फोन नंबर तिकिटावरच छापावा. महापालिकेनेही मैदान भाड्याने देताना करारात या सोयी लिहून घ्याव्यात. भिवंडीहून निघणाऱ्याला निदान घर सोडण्यापूर्वी कळेल की दारात त्याची वाट कोण पाहतो आहे.