मोजणी कुणाच्या दारात?

राहिलेल्या कामांचा आकडा सरकारने आपणहून सांगावा, ही आपल्याकडे नेहमी घडणारी गोष्ट नव्हे. २०२५च्या जानेवारीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सगळ्या विभागांना शंभर दिवसांचा कृती आराखडा करायला लावला आणि १ मे रोजी त्याचा निकाल जाहीर केला. विभागांनी ठरवलेल्या ९०२ मुद्द्यांपैकी ७०६ पूर्ण झाले, १९६ राहिले. कार्यालयांसाठी संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, अभ्यागतांच्या सोयी, क्षेत्रीय भेटी असा सात कलमी कार्यक्रम होता आणि त्याचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतले गेले. पाठोपाठ दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला. ‘यथावकाश’, ‘उचित कार्यवाही’ आणि ‘प्रस्ताव विचाराधीन’ यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या कचेऱ्यांना तारखेची आणि संख्येची सवय लागत असेल तर तिचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

पण हे ९०२ मुद्दे ठरवले कोणी? ज्यांना ते पूर्ण करायचे होते त्या विभागांनीच. इथे आमचा आक्षेप आहे. आपले उद्दिष्ट आपणच ठरवायचे, त्याचे माप आपणच निवडायचे, तर हाताशी येणारे माप निवडले जाणार. त्यात लबाडी असतेच असे नाही. कार्यालयाला आपल्या रजिस्टरमधून जे दिसते ते मोजायला सोपे असते आणि बाहेरच्या माणसाला जे सोसावे लागते ते मोजायला अवघड, एवढेच. हा फरक किती महाग पडतो हे समजून घ्यायला वर्धा जिल्ह्याला लांब जायला नको. एका रोगाच्या बाबतीत या जिल्ह्याने देशाला मोजणीची उत्तम रीत घालून दिली, आणि पुढे देशाची नजर भलत्या आकड्यावर खिळली तेव्हा काय झाले, तेही पाहिले.

१९३९ साली परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातली गांधीजींची जुनी ओळख, आणि अंगावर कुष्ठरोग. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, स्वतःच्या हाताने त्यांचे अंग चोळले. त्याआधी तीन वर्षे, १९३६ मध्ये, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम मांडले होते. हे सेवेचे काम थोरच होते. पण तोवर देशभर कुष्ठकार्य म्हणजे घरातून बाहेर काढलेल्या रोग्यांना आसरा, आणि त्याचा हिशेब म्हणजे किती जणांना आसरा दिला. गावात किती जणांना रोग आहे हे त्यातून कळत नव्हते.

१९५१ मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभे राहिले आणि डॉ. वारदेकर यांच्या पुढाकाराने हा हिशेब उलटा झाला. शोध, शिक्षण आणि उपचार अशी ती त्रिसूत्री. कार्यकर्त्याने गाव वाटून घ्यायचे, घराघरात जाऊन प्रत्येकाचे अंग तपासायचे, चट्टा बधिर आहे का पाहायचे, समजावून सांगायचे आणि डॅप्सोनच्या गोळ्या सुरू करायच्या. या पद्धतीत मोजायची पहिली गोष्ट रुग्ण नव्हती, तपासलेली माणसे होती. शंभरांतली किती तपासली, किती राहिली, राहिलेली कुठे गेली होती आणि ती परत केव्हा भेटतील. कार्यकर्त्याचे काम गावाच्या यादीशी ताडून बघता येत होते आणि ते ताडायला वरिष्ठाला गावातच जावे लागत होते. १९५५ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम याच रीतीवर बेतला गेला. सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत पायी फिरून बसवलेली घडी देशाची घडी झाली, ही वर्धेकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. ती पुरेशी सांगितली जात नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमीन आणि डॅप्सोन यांचा एकत्रित उपचार आला, तेव्हाही तो घेणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. रोग खरोखर हटू लागला. मग १९९१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने उद्दिष्ट ठरवले: २००० सालापर्यंत दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण. उद्दिष्ट स्पष्ट होते, मोजता येणारे होते, त्याला मुदत होती. कामाचे नियोजन शिकवणारे जे जे मागतात ते सारे त्यात होते. त्याने पैसा आणला, औषध फुकट मिळू लागले, सरकारे हलली. याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मात्र हा आकडा मोजत होता काय? एखाद्या दिवशी नोंदवहीत उपचाराखाली असलेल्या रुग्णांची संख्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांसर्गिक रुग्णांच्या उपचाराची मुदत चोवीस महिन्यांवरून बारा महिन्यांवर आणली गेली. वैद्यकीय दृष्टीने ते योग्यच होते. पण रुग्ण नोंदवहीत निम्मा काळ राहू लागला की त्या नोंदवहीतला आकडाही निम्म्याकडे जातो. त्यासाठी रोग होणारा एकही माणूस कमी व्हावा लागत नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकाची रेषा ओलांडली आणि ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. यातला कोणताही आकडा खोटा नव्हता.

त्यानंतर घरोघरचा शोध जवळजवळ थांबला. याच सुमारास कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्य सेवेत मिसळले, वेगळे कर्मचारी पांगले आणि रुग्ण स्वतःहून दवाखान्यात येईल अशी अपेक्षा धरली गेली. कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. ज्याने काहीच त्रास होत नाही त्यासाठी मजुरी बुडवून कोण दवाखान्यात जाईल? चुलीचा चटका लागूनही कळत नाही, बोटे वाकू लागतात, तेव्हा माणूस जातो. तोवर हात गेलेला असतो. २०१६ मध्ये घरोघरी शोध मोहीम पुन्हा हाती घ्यावी लागली, आणि आजही देशात दरवर्षी लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात. या मधल्या दशकात ज्यांचे हातपाय वाचू शकले असते त्यांची मोजणी कुठल्याच अहवालात नाही.

रुग्णाला विचारले असते तर त्याने वेगळे माप सांगितले असते. माझा हात वाचला का, एवढेच त्याला हवे होते. त्या मापाला आकड्याचे रूपही देता येते: नव्याने सापडलेल्या रुग्णांपैकी किती जणांना सापडतानाच डोळ्यांना दिसणारी विकृती आली होती. हा आकडा नोंदवहीतली नावे कमी करून उतरत नाही, उपचाराची मुदत बदलून उतरत नाही. तो फक्त लवकर पोहोचल्यानेच उतरतो. आता तो कार्यक्रमात मानाने आला आहे, २०२७ पर्यंत रोगाचा प्रसार तोडण्याच्या राष्ट्रीय आराखड्यात त्याला जागा आहे. उशिरा का होईना, बरे झाले.

सेवाग्रामलाच दुसरा, सुखाचा दाखला आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात खेड्यांसाठी ज्वारीवर चालणारी आरोग्य विमा योजना उभी केली. हंगामात घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यावर गावातली प्राथमिक सेवा आणि कस्तुरबा रुग्णालयातला उपचार. अट एकच: गावातल्या किमान ७५ टक्के घरांनी वर्गणी दिली तरच ते गाव योजनेत. ज्वारी देणे न देणे सर्वस्वी घरधन्याच्या, घरधनिणीच्या हाती होते. गेल्या वर्षी दवाखान्यात नीट वागणूक मिळाली नसेल तर पायली निघणार नाही. डॉक्टरांच्या कामाची तपासणी अशा रीतीने दरवर्षी गावाकडून होत होती आणि डॉक्टरांनी ती आपणहून मागून घेतली होती. सरकारी आराखड्यात असे माप आम्हाला तरी कुठे दिसत नाही.

यावर कर्मचाऱ्यांचा एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. परिणाम आमच्या एकट्याच्या हातात कुठे असतो? पदे रिकामी, निधी उशिरा, पाऊस लहरी, साहेबांची बदली केव्हाही. परिणामावर गुण द्याल तर जे आमच्या ताब्यात नाही त्याची शिक्षा आम्हाला. आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याकडे पाहिले की यातून वाट दिसते. २०१७ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत हे छोटे आदिवासी गाव राज्यात पहिले आले. पंचेचाळीस दिवस टणक जमिनीत माणसांनी चर खणले आणि ते फुटपट्टी लावून, घनमीटरमध्ये मोजले गेले. खणणे गावाच्या हातात होते, म्हणून त्याचे माप न्याय्य होते. चर खणले तरी विहिरीला मार्चमध्ये पाणी राहते का, हा हिशेब वेगळा, तो पुढच्या वर्षांचा. दोन्ही हवेत. हातातल्या कामाचे माप कर्मचाऱ्याच्या गुणांसाठी, आणि परिणामाचे माप आराखडा बरोबर होता की नाही हे ठरवण्यासाठी. दुसऱ्यात कमी पडले तर शिपायाचा किंवा लिपिकाचा गुण कापायचा नाही, आराखडा बदलायचा. मात्र हे दुसरे माप कार्यालयाबाहेरच्या माणसाने घ्यायचे, आणि ते पहिल्याच्या शेजारी, त्याच कागदावर लिहायचे.

वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाने आणि जिल्हा परिषदेने पुढच्या आराखड्यात एवढे करून पाहावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे. दाखल्याला मुदत आहे, विनाकारण उशीर झाला तर ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मुदतीत किती अर्ज निकाली निघाले हे मोजणे सोपे. पण त्या रकान्यात मंजूर अर्ज आणि एका कागदासाठी फेटाळलेला अर्ज सारखेच दिसणार असतील तर अर्जदाराचे दुःख त्यात कुठेच नाही. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या खेड्यातून वर्ध्याला येणाऱ्या शेतमजुराची प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. तेव्हा त्याच्या खेपा मोजा. अर्जदाराच्या हातातल्या पोचपावतीवर दर खेपेला तारखेचा शिक्का मारा आणि शेवटचा कागद देताना शिक्के मोजून घ्या. यंत्रणा वाढवावी लागत नाही, शिक्का आणि शाई कार्यालयात आहेच. सरासरी खेपा किती होत्या आणि सहा महिन्यांनी किती झाल्या, हा आकडा दर्शनी फलकावर लावा. फेटाळलेले अर्ज वेगळे मोजा आणि कारणासह मोजा. उद्दिष्टे ठरवण्याच्या बैठकीत, तलाठी आणि ग्रामसेवक यांच्याबरोबर, नुकताच दाखला घेऊन गेलेली चार माणसेही बसवा.

आणि कुष्ठरोगाच्या बाबतीत तर वर्ध्याने पुढे यावेच. ३० जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीनिमित्त गावोगावच्या ग्रामसभांत कुष्ठरोगाविषयी जिल्हाधिकाऱ्यांचे निवेदन आणि प्रतिज्ञा वाचली जाते. त्याच सभेत आपल्या तालुक्याचे दोन आकडे वाचावेत: वर्षभरात घरी जाऊन अंगतपासणी झालेल्या माणसांचे शेकडा प्रमाण, आणि सापडतानाच विकृती आलेल्या नव्या रुग्णांची संख्या. आकडे तालुक्याचेच हवेत, गावाचे नकोत. छोट्या गावात एका आकड्यावरून माणूस ओळखला जातो आणि अजून त्याला वाळीत टाकणारे आहेत. दुसरा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर आशा स्वयंसेविकेला धारेवर धरू नये. तिच्या वाट्याला किती घरे दिली होती आणि शोधाचे दिवस किती ठेवले होते, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सभेला सांगावे.