चमक नको, खिळा बघा

चांगली वस्तू कशी ओळखावी, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकांपेक्षा घडीच्या चाकूने जास्त शिकवलं.

वाचकहो, उल्हासनगर म्हणजे मूळची कल्याण कँप ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित तिथल्या बराकींत राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. रिकाम्या हातांनी आलेल्या या माणसांनी घरोघरी कारखाने उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

तिथल्याच फुटपाथवरून मामूंनी आम्हा भावंडांना ईदीला चाकू आणला. आरशासारखं पातं, मुठीवर परदेशी नाव. बदलापूरच्या वाडीत कैरी कापताना कोयीला लागताच धार वळली. आठवड्यात पातं डुगडुगू लागलं.

अब्बांचे एक दोस्त अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी चाकू उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बाळांनो, चमक नको, खिळा बघा." मग त्यांनी पारख शिकवली. पातं उघडून बाजूला दाबायचं. हललं तर घ्यायचं नाही. पाठीची स्प्रिंग टक् करून बसली पाहिजे. मिटल्यावर टोक बाहेर राहता कामा नये. पोलादाला पाणी कमी दिलं की धार वळते, जास्त दिलं की तिचे तुकडे उडतात.

पुढे अब्बांनी साध्या लाकडी मुठीचा चाकू आणला. किंमत तिप्पट आणि चमक नाहीच. वापरल्यावर पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, हा त्याचा कायदा. तो आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे.

स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी 1897 मध्ये आपल्या प्रसिद्ध घडीच्या चाकूची नोंदणी केली. पुढे आईच्या मृत्यूनंतर त्यांनी मालावर तिचंच नाव घातलं: व्हिक्टोरिया. त्यातूनच 'व्हिक्टोरिनॉक्स' झालं. आईचं नाव ज्या मालावर घालायचं, तो कच्चा कसा चालेल?

आपल्याला तर याची शिकवण फार आधीपासून आहे. जनावर जबह करताना सुरीला नीट धार लावा, त्याला त्रास होऊ देऊ नका, असं पैगंबरसाहेबांनी (स.) बजावलं. बकरी ईदच्या आधी अब्बा सुऱ्या घासायला बसत, तेव्हा त्याचा अर्थ कळायचा. बोथट सुरी म्हणजे मुक्या जिवावर जुलूम. चांगलं हत्यार हा श्रीमंतांचा शौक नाही, ती जबाबदारी आहे.

आज खिशात चाकू घेऊन लोकलमध्ये चढलेल्या मुलाकडे, त्यातही आपल्या मुलाकडे, कोणत्या नजरेने पाहिलं जाईल हे सांगायला नको. म्हणून चाकू घरातच राहू द्या. पण मुलगा असो वा मुलगी, त्यांना ओट्यापाशी उभं करून कांदा चिरायला, धार लावायला आणि पुसून ठेवायला जरूर शिकवा. खिळा बघायला शिकलेलं मूल उद्या चप्पल घेताना शिवण बघेल आणि स्वतः काही बनवेल तेव्हा खिळा घट्ट बसवेल.